जुन्या वाड्यातलं वाय-फाय: बूस्टर घ्यायच्या आधी कूलर सरकवून बघा

वहिनी, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तोच थोडक्यात मांडतो, म्हणजे मी काय समजलो ते तुम्हाला कळेल. ग्वाल्हेरात जनकगंजच्या बाजूला जुना दगडी वाडा, फायबर पुढच्या बैठकीत येतो आणि राउटर तिथेच टीव्हीच्या डोक्यावर, सूनबाई चौकाच्या पलीकडच्या खोलीत बसून पुण्याच्या कंपनीचं काम करतात, प्लॅन २०० एमबीपीएसचा पण त्यांच्या खोलीत कधी ६ येतात कधी २, मीटिंगमध्ये आवाज तुटतो, कंपनीचा माणूस दोनदा येऊन लाईन ओके आहे म्हणून गेला, आणि दुकानदार म्हणतोय साडेतीन हजाराचा बूस्टर लावा. शेवटी तुम्ही सहज म्हणून एक ओळ टाकलीत, "मार्चपर्यंत बरं चालायचं हो". माझ्या मते अर्धं उत्तर त्या ओळीतच आहे.

मार्चनंतर ग्वाल्हेरात काय बदलतं? कूलर लागतो. तुम्ही लिहिलंय की त्या खोलीला चौकाकडे एकच खिडकी आहे, म्हणजे कूलर त्याच खिडकीत बसवला असणार, दुसरीकडे जागाच नाही. आता तो कूलर म्हणजे काय असतं बघा: पत्र्याची पेटी, तीन बाजूंना ओली खस, खाली चाळीस-पन्नास लिटर पाणी. रेडिओच्या लहरी अडवायला मला कोणी मुद्दाम काही बनवायला सांगितलं असतं तर मीही असंच काहीतरी बनवलं असतं. पत्रा लहर परत फेकतो आणि पाणी ती पिऊन टाकतं. सात-आठ महिने ज्या खिडकीतून तुमचं वाय-फाय चौक ओलांडून आत शिरत होतं तिला एप्रिलमध्ये झाकण बसलं, एवढंच झालंय.

बरेच जण म्हणतात कूलरच्या मोटरमुळे डिस्टर्बन्स येतो. मोटरवर उगीच आळ. खात्री करायची असेल तर कूलर जागेवर ठेवून नुसता बंद करा आणि स्पीड बघा, काही फरक पडणार नाही. मग चाकं असतील तर तो हातभर बाजूला सरकवा, खिडकी मोकळी करा, आणि त्याच टेबलावर, त्याच मोबाईलवर परत बघा. फरक पडला तर पत्र्यामुळे, नाही पडला तर माझं चुकलं, आणि मग पुढचं वाचा. तसं पुढचं वाचायला लागणारच आहे, कारण मे महिन्यात ग्वाल्हेरात कूलर काढून टाका असं कोणाला सांगायची माझी हिंमत नाही.

हे मला पुस्तकात वाचून कळलेलं नाही, नाक कापून घेऊन कळलंय. मी २२ वर्षं ग्वाल्हेरच्या लष्कर, मुरार, हजीरा या भागांत तारा ओढतोय, पण बऱ्याच वर्षांपूर्वी एका सरांकडे मी तीन चकरा मारल्या, राउटर बदलून दिला, चॅनल बदलले, त्यांच्या स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हवर संशय घेऊन काकूंना दोन दिवस तो वापरू दिला नाही, काहीही उपयोग नाही. जुलैत पाऊस लागला आणि सरांचा फोन आला की आता एकदम मस्त चाललंय, काय केलंत तुम्ही? मी काहीच केलेलं नव्हतं. त्यांनी कूलर उचलून गच्चीवर टाकला होता. त्या दिवसापासून घरात शिरलो की मी राउटरकडे नंतर बघतो, आधी खिडकीत काय आहे, भिंतीला लागून गव्हाची पत्र्याची कोठी आहे का, लोखंडी कपाट कुठे आहे, मोठा आरसा कुठे आहे, हे बघतो. आरशामागचा मुलामाही धातूच असतो, हे लोक विसरतात. माशांची काचेची पेटीसुद्धा त्यातलीच, पाणीच ते.

जाताजाता एक गैरसमज काढून टाकतो. मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो आणि वाय-फायच्या दोन पट्ट्यांपैकी एक २.४ वर (दुसरा ५ वर), त्यामुळे हा पाण्याचा काहीतरी खास आकडा आहे असं लोक समजतात. तसं काही नाही. पाणी ५ गिगाहर्ट्झ त्याहून जास्त शोषतं. त्यामुळे कूलरच्या आड ५ जी नावाचं वाय-फाय आधी मरतं, २.४ रडत-रखडत चालू राहतं, आणि मोबाईल त्या रडणाऱ्यालाच चिकटून बसतो. (राउटरच्या नावापुढे लिहिलेलं ५ जी आणि मोबाईल कंपनीचं ५ जी यांचा एकमेकांशी संबंध नाही, हे पण सांगून ठेवतो, दर आठवड्याला कोणीतरी विचारतंच.)

आता दुखणं लाईनचं की हवेतलं हे वेगळं करायला शिका, नाहीतर कंपनीवाला तुम्हाला टोलवत राहील आणि तुम्ही त्याला. सूनबाईंचा लॅपटॉप एकदा उचलून बैठकीत न्या आणि राउटरला तार लावून स्पीड बघा. २०० च्या आसपास आले म्हणजे लाईन बरी आहे, कंपनीवाला खरं बोलला. ९०-९५ वर येऊन अडकले तर ती वेगळी भानगड, त्याबद्दल खाली लिहितो. मग लॅपटॉप परत त्यांच्या खोलीत न्या, काळी कमांडची खिडकी उघडा, पिंग असं टाइप करून पुढे राउटरचा पत्ता टाका, म्हणजे १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, राउटरच्या पोटाखाली स्टिकरवर असतो. ही हाक बाहेर इंटरनेटवर जातच नाही, फक्त लॅपटॉप ते राउटर आणि परत, घरातल्या घरात. उत्तर २-३-५ मिलिसेकंदात एकसारखं येत असेल तर हवा ठीक आहे. मध्येच ३००, मग ८, मग ९००, मग काहीच नाही असं येत असेल तर दोष तुमच्या घरातच आहे आणि कंपनीच्या माणसाला चहा पाजून काही होणार नाही. हा प्रयोग मला स्पीड टेस्टपेक्षा जास्त भरवशाचा वाटतो. मीटिंगला ३-४ एमबीपीएस पुरतात हो, आवाज तुटतो तो स्पीड कमी म्हणून नाही, डेटाची छोटी छोटी पाकिटं वेळेवर पोचत नाहीत म्हणून तुटतो.

रेंजच्या काड्या फुल दिसतात म्हणालात, त्यावर जाऊ नका. मोबाईलमध्ये वाय-फाय ॲनालायझर छापाचं एखादं ॲप टाकलं की सिग्नलच्या ताकदीचा खरा आकडा दिसतो, डीबीएममध्ये, उणे चिन्हाचा. उणे ५० म्हणजे राउटरजवळ बसल्यासारखं, उणे ६७ पर्यंत मीटिंग नीट होते, उणे ७५ च्या पलीकडे रडगाणं सुरू. आणि हे आकडे साध्या गणितासारखे उतरत नाहीत, ३ ने घसरला की ताकद निम्मी, १० ने घसरला की दहावा हिस्सा. म्हणजे उणे ६० आणि उणे ८० यात शंभरपटीचा फरक आहे आणि काड्यांमध्ये तो जेमतेम दोन काड्यांचा दिसतो. शिवाय काड्या सांगतात राउटर मोबाईलला किती ऐकू येतोय. मोबाईल राउटरला किती ऐकू येतोय हे कोणीच सांगत नाही. राउटर भिंतीतल्या विजेवर चालतो, मोबाईल बिचारा बॅटरीवर, त्याचा आवाज बारीकच असतो. म्हणून तो "जास्त पॉवरचा" सहा अँटेनावाला राउटर घेऊन लोक फसतात, राउटर ओरडून सांगतो आणि मोबाईलचं उत्तर वाटेतच विरतं.

वाड्याकडे येऊ. लष्कर हे नावच दौलतराव शिंद्यांच्या छावणीवरून पडलंय, १८१० च्या सुमाराची गोष्ट, आणि त्यानंतर जी घरं उभी राहिली ती इथल्याच दगडात. तुमची भिंत दोन फुटांची असेल तर बाहेरून घडीव दगड, आत रोडा आणि चुना, आणि पावसाळ्यात वर ओलसुद्धा. २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटीमीटरची, ५ ची त्याच्या निम्म्याहून कमी, आणि अशा भिंतीपुढे ५ जवळजवळ हात टेकतं. सिमेंटच्या नव्या फ्लॅटमधले साडेचार इंची भिंतींचे सल्ले इथे लावू नका. "राउटर घराच्या मधोमध ठेवा" हा सल्ला सगळे देतात, पण वाड्याच्या मधोमध काय असतं? चौक! तिथे तुळशीवृंदावन आहे, राउटर ठेवणार कुठे.

पण तो चौकच तुमचा मित्र आहे. माझी पद्धत सांगतो, रात्री सगळे दिवे बंद करून राउटरच्या जागी एक उघडा बल्ब लावलाय असं मनात धरा आणि बघा उजेड कुठेकुठे पोचेल. दगडातून उजेड जात नाही, दारातून जातो, खिडकीतून जातो, चौकात पसरतो, समोरच्या पांढऱ्या भिंतीवर आपटून थोडा मागेही येतो. वाय-फाय अगदी तसंच नाही वागत, लाकडी दारातून, पडद्यातून ते निघून जातं, पण दगडी घरात हा हिशेब दहापैकी आठ वेळा बरोबर येतो. तुमचा राउटर बैठकीत टीव्हीवर, म्हणजे रस्त्याकडच्या भिंतीला पाठ लावून. अर्धं वाय-फाय जनकगंजच्या रस्त्यावरच्या गाईंना जातंय. तोच राउटर चौकाकडच्या सोप्यात, खांबावर किंवा दाराच्या चौकटीच्या वर, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर आणलात तर चौकात उघडणाऱ्या प्रत्येक खोलीत शिरेल. फायबरची पिवळी पॅचकॉर्ड ओढून नेऊ नका, ती काचेची असते, खिळ्याभोवती गुंडाळली की संपलीच. फायबरची डबी तिथेच राहू द्या. तुमच्याकडे डबी आणि राउटर वेगळे असतील तर मधली तार लांब करा, दोन्ही एकच असतील तर वाय-फायसाठी दुसरा राउटर तारेने पुढे न्या, तसंही ते करायचंच आहे.

माळ्यावर जायचं असेल तर आपल्याकडे एक गंमत आहे. पटियांची छतं, गर्डरवर दगडी पट्ट्या टाकलेल्या, त्या भिंतींच्या मानानं पातळ असतात. म्हणून वाड्यात बऱ्याचदा वाय-फाय आडवं शेजारच्या खोलीत पोचत नाही पण वरच्या मजल्यावर बऱ्यापैकी पोचतं. फक्त अँटेना बघा. उभ्या अँटेनाचा सिग्नल मेदूवड्यासारखा पसरतो, काडी भोकात उभी आणि वडा आडवा चारी बाजूंना, काडीच्या टोकावर सगळ्यात कमी. सगळ्या अँटेना भाल्यासारख्या वर रोखून ठेवल्या तर नेमकं वरच्या मजल्याला टोक दाखवलं जातं. दोन असतील तर एक उभी, एक आडवी, संपलं. ते मागे ॲल्युमिनियमची फॉइल लावायचं खूळ पण आहे, ते खोटं नाही, फॉइल खरंच सिग्नल एका बाजूला ढकलते, पण दुसऱ्या बाजूचा हिस्सा काढूनच ढकलते.

आता बूस्टर. दुकानदाराचा बूस्टर म्हणजे रिपीटर, तो ऐकतो आणि तेच परत बोलतो. सूनबाईंच्या खोलीत लावलात तर तिथे त्यालाच दोन एमबीपीएस मिळणार, तो ते दोनच पुढे मोठ्या आवाजात सांगणार, काड्या फुल आणि काम शून्य. अर्ध्या वाटेवर लावावा तर अर्धी वाट म्हणजे चौक, उघड्यावर पावसात. आणि एकाच रेडिओवर ऐकायचं नि बोलायचं म्हणजे प्रत्येक गोष्ट हवेतून दोनदा जाते, वेग निम्म्यावर येतो. मी स्वतः पूर्वी पुष्कळ विकलेत, नाही म्हणत नाही, आणि त्यातले पुष्कळ परत आलेत. मेश म्हणून जे एकमेकांशी बोलत घरभर वाय-फाय पसरवणारे महाग डबे मिळतात त्यातले चांगले असतात, पण दगडी भिंतीच्या दोन बाजूंना ठेवलेत तर तेही एकमेकांना हाका मारत बसतात. तारेनं जोडलेत तर मात्र मस्त चालतात, आणि तारच ओढायची तर महाग डबा कशाला.

तर माझं उत्तर तार. हसू नका. वाय-फाय हे खोलीच्या आतलं प्रकरण आहे, खोलीपर्यंत इंटरनेट तारेनं आणायचं आणि खोलीत हवेत सोडायचं. दगडी घराला दुसरा खात्रीचा उपाय मला २२ वर्षांत सापडलेला नाही. मग कूलर खिडकीत असो की भिंत चार फुटांची असो, फरक पडत नाही.

तार कॅट-६ घ्या, १०० मीटरपर्यंत ती एक गिगाबिट नेते, तुमच्याकडे चौकाला वळसा घालून तीस-पस्तीस मीटर लागेल. दुकानात ३०५ मीटरची पेटी असते, त्यातून मोजून कापून देतात. फक्त तांब्याची मागा, आणि दुकानदार म्हणतो म्हणून ऐकू नका, टोकाची बारीक तार ब्लेडनं खरवडा. आत पांढरं चकचकीत निघालं तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे, ती घेऊ नका, वाकवली की तुटते आणि लांब गेली की दगा देते. चौकातून उघड्यावर जाणार असेल तर काळ्या जाड सालीची बाहेरची तार घ्या, घरातली करडी तार आपल्या उन्हात दोन-तीन वर्षांत पापडासारखी तडकते. आणि चौकावरून आडवी हवेत टांगू नका, दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखी. छज्ज्याखालून, भिंतीला धरून, पीव्हीसी पाइपातून न्या. उंदीर हे एक कारण, आणि पावसाळ्यात जवळ कुठे वीज पडली की उघड्यावरची लांब तार राउटरचे पोर्ट जाळते हे दुसरं. विजेच्या वायरिंगच्या पाइपात मात्र घालू नका, मिस्त्री म्हणेल जागा आहे, तरी नको. दोन फुटी भिंतीला भोक पाडायला लांब बिटाचं ड्रिल लागतं. पण बहुतेक वेळा पाडावंच लागत नाही, जुन्या दारांच्या चौकटीशेजारी फट असतेच.

टोकांना क्रिंप मारताना, म्हणजे पकडीनं दाबून कनेक्टर बसवताना, दोन्हीकडे एकच क्रम: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आठही तारा बसल्या पाहिजेत. इथेच ती ९५ ची भानगड येते: १०० एमबीपीएसला चारच तारा पुरतात, १, २, ३ आणि ६ नंबरच्या. निळी किंवा तपकिरी जोडी नीट दाबली गेली नसेल तर नेट चालू राहतं, कोणाला संशय येत नाही, पण ९५ च्या वर जात नाही. तार ठीक असूनही ९५ आले तर राउटरचा पोर्टच १०० चा असेल, स्वस्त राउटरांमध्ये अजून असतात. मग २०० च्या प्लॅनचे पैसे तुम्ही फुकट भरताय.

खोलीतल्या टोकाला नवा राउटर घ्यायची गरज नाही. घरात जुना पडलेला असेल, प्रत्येकाच्या माळ्यावर एक असतोच, तो काढा. लॅपटॉपला जोडून त्याच्या सेटिंगमध्ये शिरा आणि आधी त्याचा स्वतःचा पत्ता बदला, मोठा राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या. मग डीएचसीपी बंद करा, म्हणजे घरात पत्ते वाटायचं काम एकट्या मोठ्याकडेच राहील, दोघं वाटायला लागले की अर्ध्या मोबाईलना नेट मिळतं आणि अर्ध्यांना नाही आणि कोणाला कळत नाही का. मग तार त्याच्या पिवळ्या लॅन पोर्टात लावा, निळ्या वॅन पोर्टात नाही. रंग कंपनीप्रमाणे बदलतात, नाव वाचा. काही राउटरांत ॲक्सेस पॉइंट मोड असं बटणच असतं, ते दाबलं की हे सगळं आपोआप होतं. वाय-फायचं नाव आणि पासवर्ड मोठ्या राउटरसारखाच, चॅनल मात्र वेगळा. कूलरच्या मागे, खोलीच्या आत, टेबलाजवळ ठेवा. सूनबाईंच्या लॅपटॉपला तर सरळ तारच लावा, त्या जुन्या राउटरला आणखी पोर्ट असतात की, वाय-फाय मोबाईलपुरतं.

एक त्रास होईल तो सांगून ठेवतो. मोबाईल बैठकीतून खोलीत आला तरी बैठकीतल्या राउटरला सोडत नाही, लोचटासारखा धरून ठेवतो. त्यावर उपाय म्हणजे त्या राउटरची २.४ ची पॉवर कमी करा, मध्यम किंवा ५० टक्के. उलटं वाटतं, पण लांबचा आवाज बारीक झाला की मोबाईल जवळचा शोधतो.

शेजाऱ्यांच्या वाय-फायबद्दल तुम्ही विचारलंत. दगडी वाड्यात ही चिंता कमी, जो दगड तुमचं बाहेर जाऊ देत नाही तो त्यांचं आत येऊ देत नाही. सिटी सेंटर किंवा डीडी नगरच्या फ्लॅटमध्ये मात्र हीच मुख्य कटकट, तिथे ॲप उघडलं की पंचवीस-तीस नावं दिसतात. २.४ मध्ये आपल्याकडे १ ते १३ चॅनल दिसतात खरे, पण ते ५-५ मेगाहर्ट्झवर आणि प्रत्येकाला जागा लागते २० ची, म्हणून एकमेकांवर न चढणारे तीनच: १, ६ आणि ११. लोक हुशारी करून ६ वर गर्दी दिसली की ४ किंवा ८ लावतात, ते सगळ्यात वाईट. एकाच चॅनलवरचे राउटर एकमेकांचं बोलणं ओळखतात, थांबतात, आळीपाळीनं बोलतात. ४ वाल्याला ६ वाल्याचं नुसतं गुरगुरणं ऐकू येतं, मग कधी उगीच थांबतो, कधी मध्येच बोलतो, दोघांचंही बिघडतं. सेटिंगमध्ये चॅनलची रुंदी २० वरच ठेवा, ४० केलीत तर २.४ चा निम्मा रस्ता एकट्यानं अडवला. आणि घरात फार जुना मोबाईल किंवा लांबच्या कोपऱ्यातला स्वस्तातला वाय-फाय कॅमेरा असेल तर तो सगळ्यांचा वेळ खातो. पंगतीत वाढपी एकच आणि एक आजोबा एकेक घास मोजून खाणारे, वाढपी त्यांच्यासमोर उभा, बाकी पानं कोरडी. कॅमेऱ्याला तार लावता आली तर लावा.

५ गिगाहर्ट्झमध्ये जागा भरपूर आहे, २०१८ साली सरकारनं बराच पट्टा मोकळा केला. मी ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ नंबरचे चॅनल वापरतो. मधले ५२ ते १४४ रडारसोबत वाटून घ्यायचे असतात, राउटरला सुरू झाल्यावर आधी मिनिटभर नुसतं ऐकत बसावं लागतं आणि रडारसारखं काही ऐकू आलं तर चॅनल सोडून पळावं लागतं. महाराजपुऱ्याकडे विमानतळ आणि हवाई दलाचा तळ दोन्ही, त्या बाजूच्या घरांत मी हे चॅनल लावतच नाही, मीटिंगच्या मध्येच पळापळ नको.

मायक्रोवेव्ह चालू असतानाच नेट अडखळत असेल तर तो दोषी, एरवी नाही, त्याला उगीच बदनाम करू नका, ५ वर गेलात की तोही प्रश्न मिटतो. ब्लूटूथ शहाणं असतं, गर्दी बघून स्वतःच बाजूला सरकतं. एक मात्र कोणाच्या लक्षात येत नाही: निळ्या जिभेची यूएसबी ३ हार्ड डिस्क. ती चालू असताना तिच्या तारेतून २.४ च्या पट्ट्यातच खरखर निघते. सूनबाईंचा वायरलेस माउस अडखळत असेल आणि शेजारी अशी डिस्क लावलेली असेल तर माउसचा डोंगल दुसऱ्या बाजूला लावा, किंवा छोट्या एक्स्टेंशननं हातभर लांब न्या.

लाईट जाऊन येते तेव्हा इन्व्हर्टर लाईन बदलायला जो क्षण घेतो त्यात राउटर रीस्टार्ट होतो आणि पाच मिनिटं गेली. १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस मिळतो, तो लावा, पण फायबरची डबी, मोठा राउटर आणि खोलीतला राउटर तिन्हींना, नाहीतर एक जागा आणि दोन झोपलेले. घेताना अडॅप्टरवरचे अँपिअर वाचा, १.५ लागतात तिथे १ चा लावला तर राउटर चालतो आणि भर मीटिंगमध्ये मरतो. आणि राउटर सेटटॉप बॉक्सच्या डोक्यावरून काढा. बहुतेक घरगुती राउटर ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात, आपल्याकडे मे-जूनमध्ये बंद खोलीतली हवाच तिथे पोचते, वर बॉक्सची ऊब.

एवढं सगळं एकदम करायला जाऊ नका. उद्या सकाळी सूनबाईंची पहिली मीटिंग सुरू व्हायच्या आधी तो पिंगचा प्रयोग करा, कूलर खिडकीत असताना पाच मिनिटं आणि सरकवून पाच मिनिटं. दोन्ही वेळचे आकडे आणि ॲपमधला डीबीएम कागदावर लिहून फोटो पाठवा. चौकाची लांबी-रुंदी पावलांनी मोजून कळवलीत तर तार किती घ्यायची तेही सांगतो. क्रिंपची पक्कड विकत घेऊ नका, माझी घेऊन जा.